मागचा डावा कोपरा

"लिफ्ट सामानासाठी नाहीये हं," सुहासिनी मॅडम गच्चीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "खाली पाटी लावलीये तशी."

पाटी मी वाचली होती. 'सामान व कामगार यांनी जिन्याचा वापर करावा.' त्या सोसायटीत पाट्या सोडून वाचण्यासारखं दुसरं काही नाही. मी आणि टेम्पोवाल्यानं ती तीन फुटी काचेची टाकी चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतून जिन्यानं खाली उतरवायला घेतली. प्रत्येक वळणावर वरून आवाज येत होता, "भिंतीला घासू नका, नुकताच रंग दिलाय." टाकीला काही होईल अशी भीती कुणालाच नव्हती. त्यातले मासे चार वर्षांपूर्वी मेले, तेव्हापासून ती गच्चीत उन्हापावसात पडून होती. आत वाळक्या तुळशीची कुंडी, कबुतरांची घाण, तळाला निळे खडे. काचेवर क्षाराचं पांढरं पुट इतकं जाड की पलीकडचा माणूस दिसू नये.

दुसऱ्या मजल्यावर मॅडमच्या फ्लॅटसमोर आम्ही दम खायला थांबलो, तर आई बाहेर आली. माझी आई, सुंदराबाई. मॅडमकडे चोवीस वर्षं धुणंभांडी, झाडूपोछा करते, त्यांना वहिनी म्हणते. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"हे कुठं निघालं, चैते?"

"घरी."

"भंगारात घाल."

"घरी नेतेय म्हटलं ना."

ती आत गेली आणि नळ मोठा सोडला. माझ्याशी बोलायचं नसलं की ती नळ मोठा सोडते.

मी चैताली. वय एकतीस. सरकारी कचेरीत लिपिक. परीक्षा देऊन लागले, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. बिबवेवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यात मी आणि आई. आई साठीला टेकली, गुडघे गेले, तरी रोज सकाळी सहा दहाला पिशवी काखेत मारून निघते. स्वारगेटला बस बदलते, कर्वेनगरला उतरते, संध्याकाळची भांडी उरकून सातला घरी. बाकीची सगळी कामं तिनं सोडली, हे एक सुटत नव्हतं. पाच वर्षं मी भांडत होते आणि पाच वर्षं ती 'पुढच्या महिन्यात' म्हणत होती.

तिच्या गुडघ्यांची काळजी मला होतीच. पण ऑफिसात कुणी विचारलं, आई काय करतात, तर मी 'घरीच असते' म्हणायचे. हे खोटं मला एकदाचं खरं करून टाकायचं होतं. काळजीही होती आणि लाजही होती. एकच लिहिलं तर ते अर्धं होईल.

आणि टाकी का, तर तिचा माझ्याशी जुना हिशेब आहे. आठ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी आई मला तिथे घेऊन जायची. हॉलमध्ये ही टाकी नवीकोरी, लाल-सोनेरी मासे, बुडबुडे. मी जमिनीवर बसून बघायचे. एकदा काचेला बोट लावलं. मॅडम ओरडल्या नाहीत, त्या कधीच ओरडत नाहीत. म्हणाल्या, "बोटं नको हं लावू, ठसे उमटतात. तुझी आई आत्ताच पुसून गेलीये." त्यानंतर मी हात मांडीखाली घेऊन बसायला शिकले. तेवीस वर्षं झाली. तीच टाकी मला माझ्या घरात हवी होती, म्हणून मॅडमकडून मागून घेतली. आत माती, हिरवी झाडं, चार मासे. समोर खुर्ची, खुर्चीत आई. हातावर हात ठेवून बसलेली.

टाकी घरी आली त्या संध्याकाळी आईनं चपला काढल्या, टाकीला एक फेरी मारली आणि हसली.

"ही नाही व्हायची."

"होईल."

"पाणी भरून आठ दिवस जर बाहेरून कोरडी राहिली ना, तर मी वहिनींचं काम सोडते. जा."

"शपथ?"

"शपथ कशाला, बोलले ना."

पाच वर्षांत पहिल्यांदा ती तारीख ठरेल असं काही बोलली होती. मी ऐकून ठेवलं. ती इतकी खुशाल कशी बोलली, एवढा विचार मात्र केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी भिडले. ऑफिसमधून आले की पदर खोचायचा, टाकीत डोकं घालायचं. खडे उपसले, माती खरवडली. क्षारावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले कपडे चिकटवून ठेवायचे आणि तासाभरानं ब्लेड चालवायचं. पांढरा चुरा पडायचा, नाकात जायचा. हाताला चिरा पडल्या, त्यात व्हिनेगर झोंबायचं. मला एका जागी बसवत नाही. टाकी घासतानासुद्धा मी मधेच उठून फोनवर व्हिडिओ बघायचे, परत यायचे, परत उठायचे. आई भाजी निवडत मागून बोलायची.

"गोल गोल नको, उभा हात मार."

"तू बस."

"बसलेच आहे की. तोंड बसवू का?"

चार दिवसांनी काच दिसू लागली. एक रेघ मात्र निघेना. वरच्या कडेपासून चार बोटं खाली, चारी बाजूंनी, पांढरी. एकोणीस वर्षं पाणी बरोबर तेवढंच उभं होतं. आई म्हणाली, "वहिनी त्याच्या वर भरू द्यायच्या नाहीत. उसळून फरशीवर येतं म्हणायच्या."

आतल्या कडांचं जुनं सिलिकॉन काळं पडलं होतं. काचा एकमेकींना धरून ठेवणारा तो रबरासारखा थर. मी तो ब्लेडनं कापून काढला, नवा भरला, बोट फिरवून गुळगुळीत केला. घरभर आंबट वास. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, सात दिवस वाळू द्या. सात दिवस! मी रोज उठून बोट लावून बघायचे. ऑफिसात फाईल समोर आणि डोक्यात तो थर. सहावा दिवस बुधवार होता. गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद. आई बुधवारी घरातलं सगळं भरून ठेवते, पातेली, बादल्या, तांबे, कुकरसुद्धा. नळ वाहताना बघितला आणि माझा धीर सुटला. एक दिवसानं काय फरक पडतो? पाइप लावला आणि टाकी भरली.

खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, थेंब पडला तर कळावा म्हणून. रात्रीचं जेवण होईपर्यंत कोरडं. मी आईकडे बघून भुवया उडवल्या. सकाळी ती पीठ मळायला उठली, मी मोरीत तोंड धूत होते, तिथून दिसलं. तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, टाकीजवळून जाता जाता न वाकता, न बघता मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकलं आणि पुढे गेली.

मी तोंडाचा फेस तसाच घेऊन धावले. मागच्या डाव्या कोपऱ्यात वर्तमानपत्र ओलं होतं. फक्त तिथेच. हाताच्या पंजाएवढं.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"कुठून गळतं ते! बघितलं पण नाहीस तू. आंधळ्यासारखं बरोबर तिथे फडकं टाकलंस."

"एकोणीस वर्षं पुसलंय. हाताला सवय आहे."

"मग बोलली का नाहीस? पंधरा दिवस मी इथे रक्त काढतेय स्वतःचं!"

"तू विचारलंस?" आई शांतपणे म्हणाली. "तू मला फक्त बस म्हणत होतीस."

म्हणून पैज लावली होती बाईनं. हरण्याची भीतीच नव्हती. मी इतकी चिडले की भरलेली टाकी रिकामी करताना निम्मं पाणी घरात सांडलं, आणि पाणी बंदच्या दिवशी ते बघून आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुनव्वरचाचांचं काचेचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, आणि चाळीस वर्षांपासून माशांच्या टाक्या. त्यांचे वडीलही हेच करायचे. रविवारी ते घरी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या कामाकडे एक नजर टाकली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"छान केलंय. मेकअपसारखं." कोपऱ्यात नख घालून त्यांनी माझा नवा थर टर्रकन सोलून काढला. "बेटा, जुन्यावर नवं धरत नाही. वरून कापलंस, दोन काचांच्या मधलं आतच ठेवलंस. आणि सहाव्या दिवशी पाणी दाखवलंस? परीक्षेलाही अशीच उठून आली होतीस का अर्ध्या पेपरात?"

आई चहा ठेवायला आत होती, तिचं हसणं ऐकू आलं.

चाचांनी मागची अख्खी काच सोडवायला घेतली. दोन लाकडी मुठींना बांधलेली पातळ तार सांध्यात घालायची आणि करवतीसारखी ओढायची. मी काच धरून उभी. मागच्या डाव्या कोपऱ्याशी तार अडकली. चाचांनी बाहेरच्या बाजूनं बोट फिरवलं. तिथे एक काळपट मळ होता, मी तो कडेचा मळ म्हणून सोडून दिला होता. त्यांनी तो खरवडला, चिमटीत चुरला, हुंगला.

"मेण आहे. आतपर्यंत मुरलंय. मेणावर सिलिकॉन जन्मात बसणार नाही. कोणा शहाण्यानं भरलं हे?"

आई चहाचे कप घेऊन उभी होती. कप तिनं खाली ठेवले.

"मी."

तार धरलेले चाचांचे हात थांबले.

"टाकी येऊन चार दिवस झाले होते," आई म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, कोपऱ्याकडे बघत होती. "पोछा मारत होते. स्टीलची बादली होती त्यांची, जड. सरकवताना तिची कड इथे लागली. टण्ण असा आवाज आला. मी बघितलं तर तडा दिसला नाही. पण दुसऱ्या दिवशी हात लावला तर ओल. वहिनी कॉलेजला शिकवायला गेल्या होत्या. लाईट गेल्यावर लावायची मेणबत्ती होती ओट्यावर, ती पेटवली आणि थेंब थेंब कोपऱ्यात सोडलं. कमी झालं, पण थांबलं नाही. मग मागे फडकं ठेवायला लागले. सकाळचं संध्याकाळी पिळायचं, संध्याकाळचं सकाळी."

"रोज?" चाचा म्हणाले.

"नाही पिळलं तर फरशीवर यायचं. वहिनींना दिसलं असतं."

मी काच धरून तशीच उभी होते आणि माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी येत होत्या. आजी गेली, आई तिसऱ्या दिवशी कामावर. मामाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि ही एसटी पकडून परत. माझा दहावीचा सत्कार वस्तीतल्या विहारात होता, नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवायला शेजारच्या मुक्ताई होत्या, आई नव्हती. चौदा एप्रिलला अख्खी वस्ती निळी, आणि ही संध्याकाळी सातला पांढऱ्या साडीत, हातात पिशवी. एक दिवसाच्या वर सुट्टी नाही. मी तिला काय काय बोलले होते! गुलामीची सवय लागलीये तुला, असं बोलले होते. बारावीत असताना, भाषणातले शब्द वापरून. गळक्या टाकीचं फडकं सांभाळत होती ती, आणि मी तिला इतिहास शिकवत होते.

"मला तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"तू आठ वर्षांची. आणि नंतर तू तिथे जाऊन भांडली असतीस. मग फीचं काय झालं असतं?"

चाचांनी काच सोडवली, आडवी ठेवली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कड उजेडात धरली. बराच वेळ बघत होते.

"ताई, इकडे या. हे बघा. काच कुठे चिरलेली नाही. इथे, जोडात, पोकळ जागा आहे. बुडबुडा. जोडतानाच राहिलाय. ज्यानं बनवली त्याची चूक. बादलीनं असं होत नाही."

"तुम्ही माझं मन राखायला बोलताय."

"चाळीस वर्षं टाक्या बांधतोय. मन राखायचं असतं तर मिठाईचं दुकान टाकलं असतं."

आईनं मान हलवली. पटलं नव्हतं. ज्या गोष्टीपायी एवढी वर्षं घातली ती गोष्ट आपली नव्हतीच, हे एका वाक्यात कसं पटणार?

चाचांनी स्पिरिटनं कडा पुसल्या, दोन्हीकडे टेप लावला, नवं सिलिकॉन भरून काच परत बसवली. जाताना दाराशी उभं राहून मला बोट दाखवलं. "आठ दिवस पाणी नाही. बोटही लावायचं नाही. ताई, हिच्यावर लक्ष ठेवा."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बोट लावलं नाही. टाकीवरून दोनदा ऑफिसात साहेबांशी भांडले, त्यांना कळलंही नाही कशावरून. नंतर पाणी भरलं आणि खरे आठ दिवस सुरू झाले, पैजेचे. रोज सकाळी आम्ही दोघी मागच्या डाव्या कोपऱ्यात वाकायचो. पहिला दिवस कोरडा. तिसरा कोरडा. पाचव्या दिवशी आई माझ्या आधी उठून तिथे बसलेली, कागदावर तळहात दाबून. मला वाटलं, गळावं अशी वाट बघतेय. मी तसं बोललेसुद्धा.

"तुला मला घरी बसवायचंय," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांसाठी की तुझ्या ऑफिससाठी?"

मी टाकीखालचा कागद सरळ करत राहिले. तिला उत्तर नकोच होतं, ते तिच्याकडे आधीच होतं.

आठव्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत. आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली.

"हरले. काम सोडते. पण आधी वहिनींना सांगून येते, टाकी मी फोडली होती म्हणून."

"तू फोडली नाहीस! चाचा काय म्हणाले?"

"त्यांना बादलीचा आवाज कुठे ऐकू आला होता? न सांगता सोडलं तर ती चोरीच की. चोवीस वर्षं त्या घरात माझ्या हाताला एक चमचा लागला नाही, आणि जाताना चोरी करून जाऊ?"

मी सुट्टी टाकली आणि तिच्याबरोबर गेले. ती नको म्हणत होती. मी गेलेच.

मॅडम हॉलमध्ये पेपर वाचत होत्या. टाकीच्या जागी आता मोठा टीव्ही. "अगंबाई, आज दोघी?" म्हणून त्यांनी मला बसायला सांगितलं. आईला सांगितलं नाही. त्यांच्या मते आई कामावर आली होती. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग दिसत होता. आई उभी राहिली, दोन्ही हातांत पिशवी धरून, आणि सगळं सांगितलं. बादली, आवाज, मेणबत्ती, फडकं. एक शब्द गाळला नाही. घरून पाठ करून आल्यासारखं.

मॅडमनी चष्मा काढला आणि हसल्या. मनापासून हसल्या, त्यात काही वाईट नव्हतं, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

"अय्या, ते होय! अहो सुंदराबाई, ती टाकी मुळातच गळकी होती. आणली त्याच संध्याकाळी खाली पाणी आलं होतं. यांनी दुकानदाराला फोनही केला, तो म्हणाला नेतो परत, बदलून देतो. पण मासे काढा, रिकामी करा, कोण करणार ते सगळं? यांच्या मागे परीक्षांची गडबड. आणि मग बघितलं तर तुम्ही पुसतच होतात. फडकं असायचंच तिथे. म्हटलं, चाललंय ना."

आई म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, म्हणजे काय! डोळ्यांसमोरच तर होतं."

मी उठले. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते सगळं लिहायला मला लाज वाटत नाही, पण बोलता आलं नाही, कारण आईनं माझं मनगट धरलं होतं. भांडी घासलेली बोटं आहेत ती, पकड सुटत नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी कामावर आले होते. आठवतं?"

"न आठवायला काय झालं! मी तर सगळ्यांना सांगते, सुंदराबाईंसारखं माणूस मिळायचं नाही."

"नाही मिळायचं," आई म्हणाली. "उद्यापासून येत नाही मी."

मॅडमचा चेहरा पडला. आधी नोटीस, मग पाहुणे, मग 'आमचं काही चुकलं का?' आई तोवर स्वयंपाकघरात गेली होती. मला वाटलं, भांडी घासायला. पाच मिनिटांचं काम आहे, उरकून येते, असं ती म्हणू शकली असती, आणि तसं म्हणाली असती तर मी तिथेच रडले असते. तिनं ढिगाकडे बघितलं. ओट्याच्या टोकाला, गॅसच्या मागे तिचा कप असतो. वेगळा. कान तुटलेला. तो तिनं उचलला, विसळला, पिशवीत टाकला आणि बाहेर आली.

लिफ्टनं उतरलो. पाटीसमोरूनच.

"तो कप आपला होता?" मी खाली आल्यावर विचारलं.

"चोवीस वर्षं माझ्याशिवाय कुणी तोंड लावलं नाही त्याला. मग कुणाचा?"

बसमध्ये ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला बोलायचं होतं. मला परत जाऊन त्या बाईच्या दारात उभं राहून ओरडायचं होतं, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. अजूनही वाटतं. मी हे लिहितेय तेही त्यातूनच. स्वारगेटला उतरताना आई म्हणाली, "एका तरी दिवशी म्हणाली असती, राहू दे सुंदराबाई, ती गळकीच आहे." एवढंच. मग गर्दीत पुढे झाली.

संध्याकाळी आम्ही टाकी लावली. पाणी उपसलं, तळाला माती पसरली, त्यावर बारीक वाळू. मी चिमट्यानं व्हॅलिस्नेरियाची लांब पात्यांची रोपं लावायला घेतली. एक लावलं की दुसरं वर यायचं. आईनं दोन मिनिटं बघितलं, बाही वर केली आणि हात आत घातला.

"आई, तू नको, मी करते. तू फक्त..."

"फक्त काय? बघू?"

मी बाजूला झाले. तिनं बोटानं वाळूत खड्डा केला, मूळ दाबलं, अंगठ्यानं माती सारली. रोप हललं नाही. तीसच्या तीस तिनंच लावली. पाणी भरायला मी बादली उचलली, तर म्हणाली, "ठेव ती. माती उडेल." आत एक बशी ठेवली आणि त्या तुटक्या कानाच्या कपानं बशीवर हळूहळू पाणी सोडत राहिली, वाळू झाकली जाईपर्यंत. मग मला पाइप धरू दिला. पाणी पांढऱ्या रेघेपाशी आलं तेव्हा मी नळ बंद करायला निघाले.

"अजून," आई म्हणाली.

रेघ पाण्याखाली गेली. वर दोन बोटं जागा उरली, तेव्हा तिनं हात वर केला.

पैज मी जिंकले होते. आई घरी होती. ऑफिसात 'आई घरीच असते' हे आता खरं होतं. आणि घरात काय होतं? पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडून गळायला लागली. नव्या पाण्यात तसं होतं, मुळं धरली की नवी पानं येतात, चाचा म्हणाले. मासे महिनाभर टाकायचे नाहीत. म्हणजे परत थांबा. आई खुर्चीत बसायची, पाच मिनिटांनी उठायची. डबे घासले. पंखे पुसले. माझी कपाटं तीनदा लावली. पहाटे पाचला तिचे डोळे उघडायचेच, आणि मी झोपेत ऐकायचे, ती जाऊन मागच्या डाव्या कोपऱ्यात हात लावायची.

"कोरडं आहे गं."

"असू दे."

एकदा तिनं विचारलं, "मी दिवसभर करू काय?" मी म्हटलं, "आराम." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी लवकरच ऑफिसला निघाले.

सोमवारी जाग आली तर घरात हालचाल. सहा वाजून पाच मिनिटं. आई साडी नेसून तयार, काखेत पिशवी, चपला घालत होती. माझं डोकं फिरलं. मी अंथरुणातून उठून सरळ दार अडवून उभी राहिले.

"कर्वेनगर?"

"हो का? आता तिकडे काय ठेवलंय?"

"मग कुठे?"

"मुनव्वरचाचांच्या दुकानात. सकाळीच उघडतात ते. त्यांच्याकडे जुन्या टाक्या येतात दुरुस्तीला. हल्ली त्यांच्या हाताला कंप सुटतो, बारीक काम होत नाही. जुनं सिलिकॉन काढायला माणूस पाहिजे."

"आई! साठ वर्षांची आहेस तू. मी कमावतेय ना? लोक काय..."

लोकांपाशी येऊन मी थांबले. तीही थांबली, मी वाक्य पुरं करतेय का ते बघायला. मी केलं नाही.

"आणि गुडघे?"

"बसून करायचं काम आहे. तुला मला बसवायचंच होतं ना?"

मी दारातून हलले नाही. तिनं मला हातानं बाजूला केलं, रोपाची माती सारतात तसं. एक पायरी उतरली आणि वळली.

"पण त्यांना आधीच सांगून टाकलंय मी. खरवडेन. पुसणार नाही."